तैलरंगात गावाकडचं लँडस्केप: हिरव्याचं करायचं काय?

बांधावरून

नमस्कार मंडळी.

जलरंगात बरीच वर्षं निसर्गचित्रं करतोय. शाळेतल्या एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासूनचा नाद आहे. आता तैलरंगाकडे वळलोय. गाव भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला. भाताची खाचरं, बांधावर आंबा-जांभूळ, मागे डोंगर. श्रावण-भाद्रपदात सगळा आसमंत हिरवा होतो आणि नेमकं तिथंच घोडं अडतं. जलरंगात कागदाचा पांढरा आतून उजेड देतो, त्यामुळे हिरवा थोडा इकडेतिकडे झाला तरी चालून जातं. तैलरंगात तोच हिरवा नकली दिसतो. मागचे डोंगर पुढे येऊन उभे राहतात.

युट्यूबवर पाहून शिकायचं म्हटलं तर तासाभरात चित्र तयार, पण त्यात बर्फाचे डोंगर, पाइनची झाडं आणि तळ्याकाठी लाकडी केबिन. भोरमध्ये पाइन कुठून आणू?

विचारायचंय ते असं: कमीत कमी कुठले रंग घ्यावेत, हिरवा कसा मिसळावा, पावसाळ्यात चित्र वाळतं का, आणि फोटोवरून करावं की जागेवर बसून? जाणकारांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

कुंचलेकर

हिरव्याचं नंतर बघू. आधी टोन, म्हणजे रंगाचा उजळ-गडदपणा.

तुम्ही चित्राचा फोटो टाकला नाहीत तरी सांगतो, त्यात बहुतेक झाड, गवत आणि डोंगर तिन्ही सारख्याच गडद असतील. छटा बदलल्या असतील, गडदपणा नसेल बदलला. मग रंग कितीही चांगला मिसळा, चित्र सपाटच राहणार.

उघड्यावरच्या दृश्यात उजेड आभाळातून येतो, हे एक सूत्र धरून चाला. आभाळ सर्वांत उजळ. जमीन आडवी पसरलेली, ती आभाळाला तोंड करून असते म्हणून तिला भरपूर उजेड मिळतो. डोंगराचा उतार तिरका, त्याला कमी. झाडं उभी, त्यांना सगळ्यात कमी. म्हणजे आभाळ, जमीन, उतार, झाडं या क्रमाने गडद होत जायचं. सूर्य ढगाआड असताना हा क्रम जवळजवळ तंतोतंत दिसतो, त्यामुळे शिकायला पावसाळी दिवस उत्तम. उन्हातली चुन्याची भिंत किंवा नवा पत्रा आभाळापेक्षा उजळ असू शकतो, ते अपवाद.

आता तुमच्या खाचरांची गंमत. लावणीच्या वेळी त्यात पाणी असतं, म्हणजे जमिनीवर आभाळाचे तुकडे पडलेले असतात. ते आभाळापेक्षा किंचित गडद ठेवायचे. आणि बांधावरच्या गडद झाडाचं प्रतिबिंब झाडापेक्षा किंचित उजळ. एवढं पाळलंत तर पाणी 'दाखवायला' वेगळं काही करावं लागत नाही.

पहिलं काम: एकच तपकिरी रंग (बर्न्ट अंबर) आणि पांढरा घेऊन पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यावर फक्त तीन-चार टोनमध्ये दृश्य मांडा. डोळे बारीक करून बघा. बारीक डोळ्यांना पानं दिसत नाहीत, आकार दिसतात. तेच हवंय.

खवचट

मी पॉपकॉर्न घेऊन बसतो. आता कोणीतरी बैलगाडी, झोपडी आणि डोक्यावर घागर घेतलेली बाई रंगवायला सांगणार.

सुलभाकाकू

कुंचलेकर सरांनी पाया सांगितला, मी हिरव्याकडे येते. मी कित्येक वर्षं हौशी वर्ग घेतेय आणि सगळ्यांचा गोंधळ इथेच होतो.

ट्यूबमधला हिरवा थेट कॅनव्हासवर लावायचा नाही. सेटमध्ये येणारा थॅलो ग्रीन (ट्यूबवर पीजी ७ असं लिहिलेलं असतं) इतका तिखट असतो की तांदळाएवढा घेतला तरी अख्खी पॅलेट ताब्यात घेतो. सुरुवातीला तो घरीच ठेवा. रंग एवढे पुरेत: टायटेनियम व्हाइट, लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), एखादा लाल, अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट अंबर. हिरवा यातूनच काढायचा.

अल्ट्रामरीन आणि लेमन यलो: बऱ्यापैकी ताजा हिरवा. अल्ट्रामरीन आणि ऑकर: मातकट, जुन्या पानांचा. आयव्हरी ब्लॅक मिळाला तर त्यात लेमन यलो घालून बघा, सुंदर ऑलिव्ह हिरवा निघतो, कारण काळ्याचा कल निळ्याकडे असतो. नंतर कधी व्हिरिडियन (थंड, निळसर हिरवा) घेतलात तर त्यात बर्न्ट सिएना घालून आंब्याच्या पोटातला काळोख करता येतो.

हिरवा उजळ करायला पांढरा ओतू नका. पांढऱ्याने रंग थंड आणि पिठूळ होतो. जवळच्या उन्हातल्या गवतासाठी पिवळा वाढवा, पांढरा दूरच्या डोंगरासाठी राखून ठेवा. आणि कुठलाही हिरवा फार ओरडायला लागला की त्यात कणभर लाल किंवा सिएना टाका, गप्प बसतो.

आता जरा झाडांकडे बघा हो. 'झाड हिरवं' हे आपण शाळेत शिकतो, शेतात नाही. तरव्याचा, म्हणजे भाताच्या कोवळ्या रोपांचा, हिरवा जवळजवळ पिवळा असतो. आंबा गडद, त्याची पानं चकचकीत, म्हणून वरच्या बाजूने आभाळाचा निळसर उजेड परत फेकतात. बांबूचं बेट पिवळट. बाभळीचा हिरवा राखाडीकडे झुकलेला आणि आरपार, तिच्यातून आभाळ दिसतं. सागाची पानं मोठी असल्याने सागाचा आकार तुटक दिसतो. बांधावर बसून नुसत्या हिरव्यांचा एक तक्ता करा, चित्र नको. पॅलेट नाइफने रंग मिसळायचा, सुरीचं टोक डोळ्यासमोर धरून झाडाशी ताडून बघायचं आणि कागदावर एक टिकली लावायची.

टेम्सकाठचा

काकूंच्या मुद्द्याला जोड. मी लंडनमध्ये राहतो. नॅशनल गॅलरीत इंग्रज निसर्गचित्रकार जॉन कॉन्स्टेबलचं 'द हे वेन' (१८२१) आहे, रुंदी जवळजवळ १८५ सेंमी. सफोकमधलं फ्लॅटफर्ड, स्टूर नदी, पाण्यात उभी असलेली गाडी. १८२४ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं आणि फ्रेंच चित्रकार त्यावर लुब्ध झाले. त्यांतल्याच दलाक्र्वाने आपल्या रोजनिशीत लिहून ठेवलंय की कॉन्स्टेबलच्या म्हणण्यानुसार त्याच्या कुरणांचा हिरवा सरस दिसतो, कारण तो असंख्य वेगवेगळ्या हिरव्यांचा बनलेला असतो. जवळ जाऊन पाहिलं की पटतं. सलग हिरवा पट्टा कुठेच सापडत नाही, आणि घोड्यांच्या साजावर लाल ठिपके आहेत. ते झाकून बघितलं तर आजूबाजूचा हिरवा लगेच मंदावतो.

आणखी एक. हे चित्र शेतात बसून केलेलं नाही. लंडनच्या स्टुडिओत केलंय, त्याआधी त्याच मापाचा कच्चा तैलखर्डा केला होता. तो इथल्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे आणि मला तो पक्क्या चित्राहून जास्त आवडतो. पण जागेवरचा अभ्यास त्याने सोडला नव्हता. १८२१-२२ मध्ये हॅम्पस्टेडला त्याने ढगांचे कितीतरी छोटे अभ्यास केले, मागे तारीख, वेळ, वारा कुठून वाहतोय हे लिहून. तेव्हा फोटो की जागा या प्रश्नाचं उत्तर: छोटं जागेवर, मोठं घरी.

जांभादगड

कोकणातून नमस्कार. सगळे हिरव्यावर बोलतायत म्हणून मी लालावर बोलतो.

बाहेरून येणारे चित्रकार आमच्याकडची माती सरसकट शेंदरी रंगवतात. ताजा कापलेला चिरा (जांभ्या दगडाचा ठोकळा) आणि नवीन खोदलेला रस्ता तसा असतो, मान्य. पण सड्यावरचा, म्हणजे कातळाच्या पठारावरचा, उघडा जांभा पावसापाण्याने काळपट, राखाडी झालेला असतो. जुन्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) शेवाळ चढतं, ते पावसात हिरवं आणि मे महिन्यात काळं. लाल दिसतो तो पायवाटेवर आणि बैल किंवा गाडी जिथून गेली तिथे. म्हणजे लाल थोडाच असतो, आणि थोडा असतो म्हणूनच उठतो.

माझी पद्धत सांगतो. आधी अख्ख्या कॅनव्हासवर बर्न्ट सिएनाचा पातळ हात मारायचा, टर्पेंटाइनमध्ये पाण्यासारखा करून. फडक्याने पुसून घ्यायचा. वाळला की त्यावर हिरवे लावायचे आणि मध्ये मध्ये फटी सोडायच्या. त्या फटींतून खालचा तांबडा डोकावतो आणि हिरवा आपोआप जमिनीला धरून राहतो. पांढऱ्या कॅनव्हासवर सुरुवात केली की पहिला लावलेला प्रत्येक रंग गडद वाटतो आणि मग माणूस सगळंच चित्र फिकं करून ठेवतो.

बांधावरून

सगळ्यांचे आभार, वाचनखूण साठवतोय. काकू, तक्ता करायला बसलो होतो. गावातली पोरं जमली. त्यातल्या एकाने विचारलं, "काका, मोजणी चाललीय का?" सुरी डोळ्यासमोर धरून झाडाकडे एकटक बघणारा माणूस मोजणीवालाच वाटणार म्हणा. शेजारच्या बांधाचे मालकही काळजीने येऊन बघून गेले.

वाळण्याचं आणि साहित्याचं कोणी सांगेल का? हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन चालतं का? आमच्याकडे तेच मिळतं.

जवस

आयडीला जागून मी लिहितो.

तैलरंग जलरंगासारखा उडून वाळत नाही. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. म्हणून थंड, दमट, अंधाऱ्या जागी उशीर होतो आणि उजेडात, खेळत्या हवेत लवकर. पावसाळ्यात दुप्पट वेळ धरा आणि निवांत राहा. बर्न्ट अंबरमध्ये मँगनीज असतं, तो झपाट्याने वाळतो, म्हणून खालच्या थराला तो चांगला. आयव्हरी ब्लॅक, टायटेनियम व्हाइट रेंगाळतात. काळ्याचा जाड थर खाली देऊन वर भराभर वाळणारा रंग लावलात तर पुढे तडे जातील.

नियम एकच: खाली पातळ, वर तेलकट. पहिला हात टर्पेंटाइन घालून, मधला ट्यूबमधून आला तसा, शेवटचा हवं तर थेंबभर लिनसीड (जवसाचं तेल) घालून. उलट केलंत तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा नंतर आकसतो आणि वरच्याला फाडतो.

घरातलं कुठलंही तेल चालत नाही. खोबरेल कधीच वाळत नाही, शेंगदाण्याचंही नाही. जवस, अक्रोड, खसखस ही वाळणारी तेलं. करडईचं तेल काही कंपन्या पांढऱ्या रंगात वापरतात, कारण ते कमी पिवळं पडतं, पण ते आयतं ट्यूबमध्येच येऊ द्या. स्वयंपाकघरातली बाटली पॅलेटवर आणू नका.

हार्डवेअरमधलं 'टर्पेंटाइन' बहुधा पेट्रोलियमपासून केलेलं असतं, घराच्या ऑइलपेंटसाठी. ब्रश धुवायला ठीक. रंगात मिसळायला कलासाहित्याच्या दुकानातलं शुद्ध केलेलं घ्या. रॉकेल मिसळू नका, ते मागे चिकटपणा ठेवतं. खोलीच्या खिडक्या उघड्या ठेवा.

आणि हे ठळक अक्षरांत समजा: तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता निघते, बोळ्यात ती अडकते आणि फडकं काडी न लावता पेटू शकतं. बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

तयार कॅनव्हास महाग वाटला तर सरावाला जाड कागद किंवा हार्डबोर्ड घ्या, पण जेसोचे (रंगाखाली द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) दोन हात देऊनच. कोऱ्या कापडावर वा कागदावर थेट तेल गेलं की काही वर्षांत ते ठिसूळ होतं.

खवचट

आता माझा प्रश्न, आणि यावेळी गंभीर आहे. दरवर्षी प्रदर्शनांतून गावाची चित्रं बघतो. त्यात विजेचा खांब नसतो, पाण्याची काळी टाकी नसते, पत्र्याची शेड नसते, कुठे फ्लेक्स नसतो. हे कुठलं गाव? ज्याला मोटरसायकल दिसत नाही त्याला झाड तरी खरं दिसलं असेल का?

कुंचलेकर

खवचट, मुद्दा बिनतोड आहे, पण अर्धाच. चित्रात काय घ्यायचं नाही हे ठरवणं ही चित्रकाराची मुभा आहे. मीही तारा काढून टाकतो. सगळं घेतलं तर रचना फुटते.

सुलभाकाकू

सर, तारा काढा, पण खांब ठेवा की. सगळं आडवं पसरलेल्या दृश्यात एक उभी रेघ फुकट मिळतेय.

मला खवचट यांचं पटतं. निळी ताडपत्री बघा. पावसाळ्यात प्रत्येक गोठ्यावर, गवताच्या गंजीवर असते. एवढ्या हिरव्यात तो एकच थंड निळा, आणि शेजारी गंजलेला पत्रा म्हणजे तयार बर्न्ट सिएना. असली रंगसंगती घरी बसून सुचणार नाही. वर्गात मी सांगते की ताडपत्री असेल तर ती आधी लावा, मग तिच्याशी जुळवून हिरवे ठरवा.

टेम्सकाठचा

आणि कॉन्स्टेबल तरी काय रंगवत होता? गिरण्या, कालव्याची दारं, होड्या ओढणारे घोडे. त्याच्या काळातला तो चालू धंदा होता, वडिलांच्या मालकीची गिरणी होती. आज आपल्याला ते जुनं आणि गोड वाटतं एवढंच.

जांभादगड

आमच्याकडे तर खांबाशिवाय पुढची दिशाच कळत नाही. +१ काकूंना.

करवीरनिवासी

उशिरा आलो, पण धागा झकास चाललाय. एकच राहिलंय: मूळ चित्रं बघा. मोबाइलवर तैलचित्राचा पोत कळतच नाही, कुठे रंग जाड, कुठे कापडाचे धागे दिसतायत.

कोल्हापुरात या. आबालाल रहमान (निधन १९३१) मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून परत आले आणि कोटितीर्थाच्या आसपासचा परिसर रंगवत राहिले. तळं, झाडी, धुकट सकाळ, म्हणजे दाराबाहेर जे होतं ते. टाउन हॉल म्युझियममध्ये कोल्हापूरच्या चित्रकारांची कामं आहेत. राजारामपुरीत चंद्रकांत मांडरे यांचं कलासंग्रहालय आहे. सिनेमातले नट म्हणून ते ठाऊक असतात, पण निसर्गचित्रांचा त्यांचा व्यासंग मोठा होता. साताऱ्याकडच्यांनी औंधचं श्री भवानी संग्रहालय चुकवू नये. तिथे लँडस्केप कमी, पण रवि वर्म्याचं तैलरंगाचं काम हातभर अंतरावरून बघता येतं.

बघताना प्रसंग काय आहे हे विसरायचं. कडा कुठे कापलेली आहे, कुठे बोटाने विरवलेली आहे, सावलीत रंग किती पातळ आहे, एवढंच बघायचं. सावली पातळ आणि उजेड जाड, हे आमच्या गुरुजींचं पालुपद होतं.

बांधावरून

मंडळी, हवामान बदललं तशी चित्रंही बदलतायत. आता दिवाळीनंतर भात कापून झालंय, खाचरं पिवळी पडलीत, आणि हिरव्याच्या धाग्यावर विचारायला संकोच वाटतो, पण डोंगराचं अजून जमत नाही. सगळे म्हणतात दूरचं निळं करा. आमचा डोंगर पावसाळ्यात उघडीप मिळाली की इतका स्वच्छ दिसतो की कातळावरची घळ न् घळ मोजावी, आणि उन्हाळ्यात निळा नाही, पांढुरका दिसतो. नियम चुकीचा की माझे डोळे?

कुंचलेकर

डोळे बरोबर. नियमाचं कारण समजून घेतलं की भांडण मिटतं.

मधल्या हवेत जे तरंगतंय ते अंतर दाखवतं. पावसाने हवा धुतली की धूळ खाली बसते, मग दूरचा डोंगर जवळ वाटतो. तिथे निळ्याचा आग्रह धरू नका, फक्त सर्वांत गडद टोन पुढच्या झाडाला द्या आणि डोंगरातला गडद त्याच्याहून एक पायरी उजळ ठेवा. चैत्र-वैशाखात हवेत धूळ आणि वणव्यांचा धूर असतो. तेव्हा डोंगर पांढरा, थोडा ऑकर, कणभर जांभळट असा मिसळा. निळाई खरी सापडते थंडीच्या सकाळी, आत्ता येईल ती.

अंतरासोबत पिवळा आधी गळतो, मग लाल. निळा शेवटपर्यंत टिकतो. त्यामुळे मागच्या झाडीच्या हिरव्यातून पहिल्यांदा पिवळा काढा. तुमचे डोंगर पुढे येत होते त्याचं निम्मं कारण तिथे लेमन यलो असणार.

आणि फोटोवर विसंबू नका. मोबाइल आभाळ सांभाळायला गेला की झाडं काळीठिक्कर करतो, झाडं सांभाळायला गेला की आभाळ जाळतो. डोळ्याला सावलीतही रंग दिसतो. फोटो घ्या, पण फांदी कुठे वळली एवढंच त्याला विचारा.

जांभादगड

जागेवर बसताना एक करा. पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांचे आकार आखून टाका आणि मग त्या हलल्या तरी आपण हलायचं नाही. सूर्याच्या मागे धावलात तर चित्रात सकाळ आणि दुपार दोन्ही येतात. ८ बाय १० इंचापेक्षा मोठं घेऊन बसू नका. पुरलं नाही तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी या.

बांधावरून

बर्न्ट सिएनाचा हात देऊन, पिवळा काढून, दोन छोटी केली. डोंगर मागे गेला! खांब ठेवलाय, ताडपत्रीही. आमच्या हिने पहिल्यांदाच विचारलं की हे नक्की कुणाच्या गोठ्याचं आहे. ओळखू आला म्हणजे.

आता व्हार्निश कधी करायचं?

जवस

सहा महिने तरी थांबा, जाड रंग असेल तर वर्ष. वर हात लावून कोरडं लागतं म्हणजे आतून वाळलं असं नाही. तोवर उजेडाच्या खोलीत टांगा. अंधाऱ्या कपाटात ठेवलं की तेल पिवळं पडतं. ओल येणाऱ्या भिंतीला टेकवू नका, पाठीमागून बुरशी धरते. भिंत आणि फ्रेममध्ये बुचाचे तुकडे चिकटवून फट ठेवा.

पहिलटकर

धागा वाचून काढला, प्रतिसाद द्यायला खास आयडी घेतला. शनिवारी मीही गावी जाऊन रंगवणार आहे. पण रविवारी एसटीने परत यायचंय. ओला कॅनव्हास एसटीतून कसा आणायचा?

सुलभाकाकू

एकाच मापाचे दोन घे. रंगाची तोंडं एकमेकांकडे करायची, चारही कोपऱ्यांत बुचाचे जाड तुकडे ठेवायचे आणि बाहेरून सुतळीने घट्ट बांधायचे. मधे बोटभर फट राहिली पाहिजे. वर पेपर गुंडाळ, नाहीतर शेजारच्याच्या शर्टाला तुझा अल्ट्रामरीन लागेल आणि तो निघत नाही.

खवचट

आणि वरच्या रॅकवर ठेवू नकोस. तिथे कोणीतरी तांदळाचं पोतं ठेवतंच.